खाजामियाँ मास्टरांची वीस मिनिटं

शोकसभेत मी खोटं बोलले. "मास्टर गेले, पण त्यांचे सूर आपल्यात आहेत," असलं काहीतरी गुळगुळीत बोलले, डोळ्यांना पदर लावला आणि खाली येऊन बसले. लोकांनी माना हलवल्या. मन्मथप्पा पुढे वाकून म्हणाले, "बाई, लई भारी बोललात." सूर आपल्यात आहेत म्हणे! आमच्या वाद्यवृंदात आता एक काळं यंत्र आहे. बटण दाबलं की त्यातून पन्नास वाद्यं वाजतात, आणि आमचे हौशी गायक माइक तोंडात घालून त्यावर गातात. मास्टरांनी प्रत्येकाला हातानं लिहून दिलेल्या वह्या कुठे आहेत, हे त्या सभेतल्या एकालाही सांगता आलं नसतं. माझी वही माझ्याकडे आहे. ती उघडायचं धाडस मात्र होत नाही.

तेव्हा सभेत जे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते. उशीर झाला आहे, हे मला कुणी सांगायला नको.

खाजामियाँ लातूरचे. लग्नात बँड वाजवणारे. त्यांचे वडीलही तेच करायचे, आजोबाही. वाद्य क्लॅरनेट. उंच, काटकुळा माणूस, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, भर मे महिन्यातसुद्धा. खालच्या ओठाला मधोमध घट्टा पडलेला. क्लॅरनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती लागते, त्या पत्त्या ते तंबाखूच्या एका जुन्या डबीत ठेवायचे आणि वाजवण्याआधी एकेक काढून उजेडात धरून बघायचे, आपण तांदळातले खडे बघतो तशा. तंबाखू स्वतः खात नसत. आणि दुसऱ्याने खाल्लेली खपवून घेत नसत. त्यांचा सख्खा मेव्हणा ट्रम्पेट वाजवायचा. तालमीत गुटख्याची पुडी फोडली म्हणून त्याला त्यांनी त्याच क्षणी उठवलं आणि पुढचे सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. फार गोड माणूस होता वगैरे जे सभेत बोललं गेलं, तेही खोटंच होतं. मास्टर मुळीच गोड नव्हते.

वाद्यवृंदाचं खूळ मन्मथप्पांचं. अप्पांची मार्केट यार्डात तुरीची आडत. फावल्या वेळात पेटी वाजवतात, बरी वाजवतात. एकदा त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातल्या गावचा कार्यक्रम बघितला. गावातले डॉक्टर, मास्तर, पाववाला, टपालवाला, सगळे एका मंचावर बसून वाजवताहेत, आणि वर्षभर ठरवून कार्यक्रम करताहेत. अप्पांनी मला तो व्हिडिओ तीनदा दाखवला. "बाई, आपल्या लातुरात काय कमी हाय? आपुन बी करू की! वर्षाला पाच कार्यक्रम. शेवटचा नांदेडला, एकदम मोठ्या हालमधी."

मी तीस वर्षं बँकेत काढलेली. माहेर नांदेडचं, व्हायोलिन लहानपणी वडिलांनी शिकवलेलं आणि लग्नानंतर माळ्यावर गेलेलं. अप्पांनी मला वाद्यवृंदाची चिटणीस केलं. बासरीवाले दाताचे डॉक्टर मिळाले, तबल्याला शाळेतले गुरुजी मिळाले, असे करत आम्ही पंधराएक जण जमलो. सगळ्यांना वाजवता येत होतं, पण एकत्र वाजवलं की नुसता बाजार. तेव्हा कुणीतरी म्हणालं, खाजामियाँला बोलवा, त्याला माणसं हाकायची सवय आहे.

ते आले ते अप्पांच्या गोडाऊनच्या दारातच उभे राहिले. मागे त्यांचे पाच बँडवाले, तेही उभे. आत तुरीच्या पोत्यांमध्ये आम्ही खुर्च्यांवर ऐसपैस.

"या की मास्टर, बसा," अप्पा म्हणाले.

"बसून कसं वाजवायचं, शेठ?"

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते. अकराव्या वर्षापासून त्यांनी जे वाजवलं ते रस्त्यावर, चालत. "चालल्याबिगर दमच भरत न्हाई," असं म्हणाले. पुढे महिनाभर त्यांचे पाय खुर्चीखाली चालतच असायचे. तालीम संपेपर्यंत खुर्ची हातभर पुढे सरकलेली असायची आणि डॉक्टर हळूच हसायचे. एकदा मास्टरांनी ते बघितलं. म्हणाले, "हसा डाक्टर, हसा. हसायला दम पुरतो तुमाला, बासरीला न्हाई पुरत." त्यानंतर कुणी हसलं नाही.

कौतुक हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. फार झालं तर "ठीक हाय." मी एकदा एक अवघड जागा जीव तोडून वाजवली आणि त्यांच्याकडे आशेनं बघितलं. म्हणाले, "आज घाई कमी होती, म्याडम." घरी आल्यावर मी ते वाक्य नवऱ्याला चारदा सांगितलं, एवढा आनंद झाला होता.

त्यांनी आम्हा सगळ्यांना शाळेच्या रेघी वह्यांत सरगम लिहून दिली होती, प्रत्येकाला त्याच्या वाद्यापुरती. स्वतःसाठी ते उर्दूत लिहायचे, आमच्यासाठी देवनागरीत, टपोऱ्या अक्षरात. वहीवर वाद्याचं नाव नसायचं. डॉक्टरांच्या वहीवर लिहिलं होतं, "दम कमी." अप्पांच्या वहीवर, "ऐकत न्हाईत." माझ्या वहीवर, "घाई करतात." अप्पांचा पहिल्यांदा तिळपापड झाला. आपल्याच गोडाऊनात बसून आपल्यालाच! पण मग ते स्वतःच आल्यागेल्याला ती वही दाखवायला लागले. अप्पा वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम लिहायला हवं. ते वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

एकदा चहाच्या सुट्टीत मी मास्टरांना विचारलं, "मास्टर, तुम्हाला किती गाणी येत असतील?"

"गाणी म्हणाल तर हजार. पुरं वाजवलेलं म्हणाल तर एक बी न्हाई."

"म्हणजे?"

"आता हेच बघा. गाणं सुरू केलं की कोन तरी वरडतं, दुसरं लाव. ते सुरू केलं की नवरदेवाचा मामा येतो, त्याच्या आवडीचं लाव. मांडव आला, थांब. पाव्हनं आलं, थांब, त्यांच्या स्वागताचं वाजव. मंगलाष्टक लागलं, बंद. चाळीस साल वाजवून राहिलोय म्याडम, आखरीपर्यंत कायच गेलं न्हाई." बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "मला एक पुरं करायचंय. बस."

ते त्यांनी डोक्यात आधीच रचलेलं होतं. स्वतःचं. वीस मिनिटांचं. त्याला नाव नव्हतं. आम्ही आपले 'मास्टरांचं मोठं' म्हणायचो. चार भाग. पहिला व्हायोलिन-बासरीचा, अगदी संथ, पहाटेचा. दुसऱ्यात तबला आणि पेटी यायची. तिसऱ्यात ते पाच बँडवाले, सगळी पितळी वाद्यं, पण वरातीतल्यासारखी कर्कश नाहीत. त्या माणसांना हळू वाजवायला शिकवताना मास्टरांनी अक्षरशः रक्त आटवलं. आणि चौथ्या भागात एकेक वाद्य गळत जायचं. शेवटची तीन मिनिटं फक्त दोघं. आधी त्यांची क्लॅरनेट एकटी, मग तिच्यात माझं व्हायोलिन, आणि दोन्ही मिळून संपायचं.

माझं का? चांगली वाजवणारी दुसरी माणसं होती. मी विचारलंही. म्हणाले, "तुमच्या हाताला घाई हाय, पर कान खरा हाय. तुमाला कळतंय काय चाललंय ते." एवढी मोठी गोष्ट कुणी माझ्याबद्दल त्याआधी म्हटली नव्हती, नंतरही नाही.

त्यांचा नियम एकच. "मधी थांबायचं न्हाई. कोन बी येऊ द्या, कोन बी मरू द्या." बँडवाल्यांना तो नियम पटता पटत नव्हता. त्यांचा जन्म थांबण्यात गेलेला. दारात कुणी फेटेवाला दिसला की त्यांची वाद्यं आपोआप ओठांना लागायची. अप्पांचा मुनीम एकदा मुलाच्या साखरपुड्याहून फेट्यातच गोडाऊनला आला, तर चालू तालमीत ट्रम्पेटनं स्वागताची धून काढलीच! आम्ही पोट धरून हसलो. मास्टर त्या पाचांना बाहेर घेऊन गेले आणि बराच वेळ त्यांचा तेवढा एकच आवाज येत होता.

हंगाम सुरू झाला. लातूरचा पहिला कार्यक्रम चाचणीचाच होता, त्यात लहान लहान तुकडे वाजवले, 'मोठं' अजून बसलं नव्हतं. ते पहिल्यांदा लावलं औशाला, बाजार समितीच्या शेडमध्ये. पहिला भाग सरला, दुसरा सुरू झाला आणि लाइट गेली. मास्टर थांबले नाहीत. माइक नसला तरी ऐकू जातच होतं. पण संयोजकांना वाटलं, आपली अब्रू चालली. त्यांनी शेजारच्या गिरणीचं जनरेटर आणून शेडच्या तोंडाशी लावलं. त्या धडधडाटात आम्हाला आमचंच ऐकू येईना. मास्टरांनी हात खाली घेतला. परत येताना गाडीत म्हणाले, "औशाला निम्मं झालं."

जळकोटला शाळेच्या मैदानावर तिसरा भाग गाठला. तेवढ्यात मुख्याध्यापकांना आठवलं की गावातल्या सात जणांचे सत्कार राहिलेत. ते सरळ मंचावर चढले, माझ्यासमोरचा माइक उचलला आणि नावं पुकारायला लागले. शाल, श्रीफळ, फोटो. शाल, श्रीफळ, फोटो. आपल्याकडे माणसाला दोन तास सत्काराशिवाय बसवलं तर त्याला घाम फुटतो. मास्टर क्लॅरनेट मांडीवर ठेवून ताठ बसून होते. मला वाटलं, चिडतील. म्हणाले, "पाऊण झालं, म्याडम. फुडं सरकून राहिलं."

मुखेडला बाजाराचा दिवस होता. माणसं भरपूर, भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. आणि काय सांगू, ती ऐकत होती! एक म्हातारी पुढे येऊन पार मंचाला टेकून बसली. तिसरा भाग संपला, चौथा सुरू झाला. एकेक वाद्य गळायला लागलं, आणि रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. खेड्याकडे जाणारी शेवटची गाडी. निम्मं मैदान उठून पळालं, म्हातारीसुद्धा. चपला, पिशव्या, पोरं, धुरळा. तो गोंधळ एवढा झाला की डॉक्टर आणि गुरुजी दोघंही चुकले आणि सगळं विस्कटलं.

मी रडकुंडीला आले होते. मास्टर म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? एसटी थांबते का कुनासाठी? ज्याला घरी जायचं त्यानं जावं. दुसऱ्याला थांबवतो त्याचा राग येतो मला." मग डबीत पत्ती ठेवत म्हणाले, "तीनच मिन्टं ऱ्हायली होती, म्याडम. नांदेडला होतंय बघा."

नांदेडच्या आदल्या दिवशी ते एकटेच एसटीनं गेले आणि त्या सभागृहात प्रत्येक कोपऱ्यात बसून आले. दारवानाला भेटले, दारं कशी लागतात ते बघितलं. बँडचा लाल, झालरीचा कोट त्यांनी घरी ठेवला आणि साधा काळा कोट शिवून घेतला. आणि कार्यक्रमाला अमिनाभाभींना घेऊन आले. पस्तीस वर्षांचा संसार, पण बायकोनं त्यांना वाजवताना बसून कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठे? वरातीच्या मागे फिरून? मास्टरांनी त्यांना स्वतः तिसऱ्या रांगेत बसवलं, मधोमध. मी बोलायला गेले तर त्या बुरख्यातून लाजून हसल्या. "आज कते पूरा बजाते," म्हणाल्या, म्हणजे आज म्हणे पुरं वाजवणार.

आता साहेबांचं सांगायला हवं. कोण साहेब ते जाऊ द्या, प्रत्येक गावाचा एक असतोच. तुरीच्या दिवसांत अप्पांना गोडाऊन लागायचं आणि आमच्या तालमी बंद पडायच्या. अप्पांना वाद्यवृंदासाठी कायमची जागा हवी होती. साहेब आले तर मंचावरून जाहीर करतील, असं ठरलं होतं. स्वागताचं भाषण चिटणीस म्हणून माझ्याकडे. ते मी चार दिवस आरशासमोर म्हटलं होतं. नवी नारायणपेठी नेसले होते. दुसऱ्या रांगेत माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, आमच्या जुन्या गल्लीतली माणसं.

सकाळी अकराची वेळ. साहेबांचा पत्ता नाही. पाऊण तास थांबलो. लोक चुळबुळायला लागले तेव्हा मास्टर म्हणाले, "शेठ, आता दारं लावा. ते येत न्हाईत." अप्पा म्हणाले, "हाव, दिसत तर न्हाईत. करा सुरू."

आणि आम्ही वाजवलं. देवाशपथ सांगते, तसं आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं. डॉक्टरांचा दम पुरला. अप्पा ऐकत होते. मी घाई करत नव्हते. तिसऱ्या भागात पितळी वाद्यं इतकी मऊ वाजली की मला मागे वळून बघावंसं वाटलं. चौथा भाग. एकेक गळत गेलं. तबला थांबला, पेटी थांबली. पाच बँडवाल्यांनी वाद्यं मांडीवर घेतली. सभागृहात खोकलासुद्धा नाही. मास्टरांची क्लॅरनेट एकटी सुरू झाली. मी व्हायोलिन हनुवटीखाली धरून मोजत होते. आठ आवर्तनांनी मी.

दार उघडलं. उजेडाचा मोठा पट्टा आत आला आणि त्यातून साहेब. गळ्यात हार, डोक्याला फेटा, मागे पंधरा-वीस माणसं. अप्पा पेटीवरून उठून विंगेत गेले होते आणि तिथून दोन्ही हात हलवत होते. "बाई! साहेब! बाई, साहेब!"

मास्टरांनी डोळे उघडले. वाजवणं न थांबवता माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मी उठले.

का उठले ते खूपदा शोधलं. तीस वर्षं मॅनेजर आला की उभं राहायची सवय, असं म्हणून बघितलं. अप्पांची जागा जाईल म्हणून, असंही म्हणून बघितलं. खरं एवढंच, की माझ्या पर्समध्ये भाषणाचा कागद होता, अंगावर नारायणपेठी होती आणि मैत्रिणी समोर बसल्या होत्या. दुसरं कारण सापडत नाही.

मी व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं आणि माइककडे गेले. मागच्या पाच जणांनी बाई उठलेल्या बघितल्या, समोरून येणारा फेटा आणि हार बघितला, आणि ते खाडकन उभे राहिले. स्वागताची धून! लग्नात वऱ्हाड दारात आलं की वाजवतात ती, पूर्ण जोरात. मास्टरांची क्लॅरनेट क्षणभर अडली. त्यांनी त्या पाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मग त्यांची बोटंच फिरली. ते उभे राहिले आणि तीच धून वाजवायला लागले. पाय जागच्या जागी चालत होते. त्यांचा चेहरा मी बघितलेला आहे, म्हणून सांगते: ते त्यांच्या हातात नव्हतं.

साहेब खूश झाले. हात जोडत, डावीकडे-उजवीकडे बघत पुढे आले. त्यांच्या माणसांना बसायला जागा नव्हती. आमच्याच एका स्वयंसेवकानं तिसऱ्या रांगेतल्या चार जणांना उठवलं, त्यात अमिनाभाभी. त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला माइकसमोरून ते स्पष्ट दिसत होतं. माझ्या तोंडून तेव्हा "आपल्या लाडक्या नेतृत्वाच्या पदस्पर्शाने" हे वाक्य चाललं होतं, आणि मी ते शेवटपर्यंत वाचलं.

साहेब चाळीस मिनिटं बोलले. सुरुवातीलाच म्हणाले, "बँडवाल्यांनी माझं इतकं सुंदर स्वागत केलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं." टाळ्या. मास्टरांना पुढे बोलावून शाल दिली. जागाही जाहीर केली, तिथे अजून बाभळी आहेत. मग साहेब निघाले, आणि त्यांच्यामागे लोक.

अप्पा धावत मंचावर आले. घामाघूम. "मास्टर, झालं आता! चला, ऱ्हायलेलं घ्या."

मास्टरांनी क्लॅरनेटचे तुकडे सुटे केले होते आणि एकेक तुकडा फडक्यानं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ, बायको उभी हाय. जातो."

ते आमच्या गाडीतून परत आले नाहीत. दोघं एसटीनं गेले.

पुढच्या रविवारी तालमीला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. अप्पांनी निरोप पाठवले, स्वतः दोनदा गेले. मीही एकदा गेले. दारात त्यांच्या चपला होत्या. अमिनाभाभी म्हणाल्या, "घर पे नहीं हैं." मला बसवलं, चहा दिला. मी त्या चपलांकडे बघत चहा प्यायले आणि निघून आले. मग हळूहळू ते बँडवाले पाच जणही यायचे बंद झाले, आणि अप्पांनी ते काळं यंत्र आणलं.

शेवटचे दिसले ते औसा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. बँकेतल्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न, दुपारचा मुहूर्त. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्याची तयारी चालली होती, आणि बाजूच्या जिन्याच्या पायरीवर मास्टर बसले होते. लाल कोट, झालरी, मांडीवर क्लॅरनेट. खूप वाळले होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ते थोडे बाजूला सरकले, एवढंच.

बोलायचं ठरवून आले होते असं नाही, पण तोंडातून निघालं, "मास्टर, एकदा पुरं करू या. लोक नकोत, पाहुणे नकोत. गोडाऊनात, दारं लावून. तुम्ही, मी. भाभींना ऐकायला बसवू."

त्यांनी मान फिरवली. समोर घोड्याला सजवत होते.

"अप्पाशेठचा राग न्हाई मला," ते म्हणाले. "त्यांला जागा पायजे होती. आमच्या पोरांचा बी न्हाई, त्यांला येतंच तेवढं. साहेब तर साहेबच असतो. आन माझे हात बी माझ्या ताब्यात ऱ्हायले न्हाईत, ते मी कुनाला सांगू?" त्यांनी घोड्यावरची नजर काढली नाही. "पर तुमाला कळत होतं, म्याडम. फुडं तुमचंच होतं."

मी म्हणाले, "माझं चुकलं, मास्टर."

"हाव," ते म्हणाले.

मी वाट बघत होते. आपल्याकडे यानंतर माणूस 'जाऊ द्या' म्हणतो. मनात काहीही असो, म्हणतो.

"ओ बँडवाले! चला, चला, उशीर होऊन राहिला!" कुणीतरी ओरडलं. मास्टर उठले, कोटाचं वरचं बटण लावलं आणि गेले. नवरदेव घोड्यावर चढला. बँड वाजायला लागला. परण्यात बँडमास्टर उलटा चालतो, आपल्या वादकांकडे तोंड करून. म्हणजे मास्टरांचं तोंड सगळा वेळ माझ्याकडे होतं. कार्यालयाच्या दारातून ते रस्त्याच्या वळणापर्यंत गेले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.